हजाराचा घन

एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रोमीटर, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण एक घन मिलिमीटर म्हणजे किती घन मायक्रोमीटर, असं विचारलं की उत्तर पुन्हा ‘हजार’च येतं. विज्ञान शिकलेल्यांकडूनही मी ते ऐकलं आहे. खरं उत्तर आहे १०० कोटी.

मिलिमीटरच्या खाली प्रत्येक पायरी हजाराची: मायक्रो, नॅनो, पिको. सेंटिमीटर या शिडीत बसत नाही, म्हणून तिथून निघणारे हमखास चुकतात; एक सेंटिमीटर म्हणजे १०,००० मायक्रोमीटर. मायक्रोमीटरला आपण मायक्रॉनही म्हणतो. ते नाव १९६७ साली अधिकृतरीत्या रद्द झालं, पण सुटसुटीत आहे, म्हणून पुढे तेच वापरतो.

आता एक मिलिमीटर बाजूचा घन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या एका कडेला एक मायक्रॉनचे हजार ठोकळे बसतील. तळ भरायला अशा हजार रांगा हव्यात, म्हणजे १० लाख ठोकळे. वरपर्यंत भरायला असे हजार थर. झाले १०० कोटी. लांबीत हजार एकदा येतो, क्षेत्रफळात दोनदा, घनफळात तीनदा.

हा हिशेब रक्ततपासणीत जसा जुळतो, तो मला सगळ्यात आवडतो. एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५० लाख तांबड्या पेशी असतात. एवढ्याशा जागेत त्या मावतात कशा? तांबडी पेशी म्हणजे साडेसात मायक्रॉन रुंद आणि सरासरी दोन मायक्रॉन जाड चकती आहे असं धरू. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले जाडी केलं की येतात सुमारे ९० घन मायक्रॉन. अशा ५० लाख पेशींना जागा लागते ४५ कोटी घन मायक्रॉन, आणि आपल्याकडे आहे १०० कोटी. म्हणजे ४५ टक्के. रक्ताच्या अहवालात पीसीव्हीसमोर, म्हणजे रक्ताचा किती टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापला आहे त्यासमोर, निरोगी माणसाचा आकडा याच आसपास असतो!

त्याच अहवालात एमसीव्ही, म्हणजे एका पेशीचं सरासरी घनफळ, फेम्टोलिटरमध्ये दिलेलं असतं. लिटर म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा घन, आणि ही बाजू १ लाख मायक्रॉनची. लाखाचा घन म्हणजे एकावर पंधरा शून्यं, आणि फेम्टो म्हणजे नेमका तितकावा भाग. त्यामुळे एक फेम्टोलिटर बरोबर एक घन मायक्रॉन होतो, एकही शून्य इकडेतिकडे न होता. पेशींची संख्या आणि एमसीव्ही यांचा गुणाकार करून पीसीव्ही घरबसल्या पडताळता येतो. अनेक यंत्रं तो असाच काढतात.

वेष्टनावर ‘नॅनो’ छापून काहीही विकलं जातं, त्याची मला चीड येते. पाण्याचा रेणू नॅनोमीटरहूनही लहान असतो, म्हणून साधं पाणी औषध ठरत नाही. किती नॅनोमीटर, हा आकडा नसेल तर त्या शब्दावर विश्वास ठेवू नये. नॅनोची खरी करामत पृष्ठभागात असते. एक मिलिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस मिलिमीटर. त्याचे एक मायक्रॉनचे तुकडे केले तर घनफळ तेवढंच राहतं, पृष्ठभाग मात्र हजारपट होतो. एक नॅनोमीटरचे केले तर आणखी हजारपट: ६ चौरस मीटर, म्हणजे एका दाण्यातून लहानशा खोलीच्या जमिनीएवढा पृष्ठभाग. घनरूप उत्प्रेरकावरची रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडते, म्हणून तो अतिसूक्ष्म कणांच्या रूपात वापरतात.