अतिसंवेदी प्रतिक्रिया, वनस्पतींतील

रोगकारक बुरशी, जीवाणू किंवा विषाणूने शिरकाव केल्याचे ओळखून वनस्पतीने त्या जागेपुरत्या स्वतःच्याच पेशी मारून टाकण्याची क्रिया. जिवंत पेशींवर पोसणाऱ्या रोगकारकाची वाढ त्यामुळे तिथेच खुंटते. मृत उतींवर जगणाऱ्या काही बुरशींच्या मात्र हा पेशीमृत्यू पथ्यावर पडतो. ओट पिकावरील व्हिक्टोरिया करपा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

मुंबईकरांना ही प्रतिक्रिया पाहायला फार लांब जावे लागत नाही. पावसाळ्यात कर्जत, पनवेल किंवा वसईकडच्या भातखाचरांत करपा येतो. रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या पानावर लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असे चट्टे पडतात आणि ते एकमेकांत मिसळून पान वाळते. प्रतिकारक वाणाच्या पानावर फक्त मिलिमीटरभराचे तपकिरी ठिपके दिसतात, ते वाढत नाहीत. हे ठिपके रोगाचे नसून बचावाचे लक्षण आहेत. रोगग्रस्त समजून असे रोप उपटणे चुकीचे ठरेल.

अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. सी. स्टॅकमन यांनी गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्याचा अभ्यास करताना १९१५ मध्ये ‘अतिसंवेदनशीलता’ ही संज्ञा वापरली. पुढे हॅरॉल्ड फ्लोर यांनी जवस आणि त्यावरील तांबेरा यांच्या संकरांतून दाखवले, की पिकातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला जुळणारे एक जनुक बुरशीत असते. दोन्ही समोरासमोर आली तरच प्रतिकार घडतो. अशी प्रतिकारक जनुके प्रत्यक्ष हाती यायला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले.

ही जनुके बहुतांशी ‘एनएलआर’ गटातील ग्राही, म्हणजे रोगकारकाची चाहूल घेणारी, प्रथिने बनवतात. पेशीच्या आत राहणाऱ्या या प्रथिनाचे तीन भाग असतात. शेवटचा, ल्युसिन या अमिनो आम्लाने युक्त भाग बहुधा ओळख पटवतो, मधला भाग एडीपी हा लहान रेणू धरून प्रथिन बंद ठेवतो आणि पुढचा भाग पेशीमृत्यू घडवतो. काही ग्राही रोगकारकाच्या प्रथिनाला थेट चिकटतात. काही मात्र त्या प्रथिनाने पेशीतील एखाद्या प्रथिनात केलेली मोडतोड हेरतात. पहारा देण्याची ही दुसरी रीत विशेष हुशारीची म्हणावी लागेल, कारण मोजकेच ग्राही पुष्कळ शत्रूंवर नजर ठेवू शकतात.

मृत्यू नेमका कसा घडतो, हे २०१९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील मोहरीवर्गीय रोपातील झार-१ या ग्राहीची रचना उलगडली तेव्हा स्पष्ट होऊ लागले. कोबीवर्गीय पिकांत काळी कूज आणणाऱ्या जीवाणूचे प्रथिन पेशीतील एका प्रथिनावर रासायनिक खूण करते. ती खूण झालेले प्रथिन झार-१ च्या जोडीदाराला चिकटते. त्याबरोबर एडीपी सुटतो, त्याची जागा एटीपी हा पेशीतील ऊर्जावाहक रेणू घेतो आणि पाच झार-१ एकत्र येऊन चक्र तयार होते. या चक्राचे नरसाळ्यासारखे टोक पेशीपटलात रुतते. त्यातून कॅल्शियम आयन आत शिरतात, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर पेशी मरते. गव्हाचा एसआर-३५ हा ग्राहीही असेच पाचाचे चक्र बांधतो. पुढचा भाग वेगळा असलेले ‘टीआयआर’ प्रकारचे ग्राही मात्र चौघांचा गट करून विकराचे (एन्झाइमचे) काम करतात. ते पेशीतील एनएडी हा रेणू तोडून लहान संकेतरेणू बनवतात आणि मग मदतनीस एनएलआर जागे होतात. भात, गहू यांसारख्या तृणधान्यांत टीआयआर प्रकारचे एनएलआर आढळत नाहीत.

या जनुकांइतकी झपाट्याने बदलणारी जनुके वनस्पतींत क्वचितच सापडतात. ती गुणसूत्रावर झुबक्यांनी असतात, त्यांच्या प्रती वाढतात, तुकड्यांची अदलाबदल होते. ॲराबिडॉप्सिसमध्ये ती सुमारे दीडशे आहेत, तर भातात कित्येक शेकडा. तरीही झार-१ चा वंश कोट्यवधी वर्षे टिकून आहे. भातात शेजारशेजारची दोन जनुके कामे वाटून घेतात. आरजीए-४ पेशी मारू शकतो आणि आरजीए-५ त्याला आवरून धरतो. आरजीए-५ मध्ये करप्याच्या बुरशीसाठी आमिष म्हणून एक जादा भाग जोडलेला असतो. बुरशीचे प्रथिन त्याला चिकटले की लगाम सुटतो.

या पहाऱ्याची किंमत मोजावी लागते. ॲराबिडॉप्सिसवरील शेतातील प्रयोगात, रोग नसताना आरपीएम-१ जनुक असलेल्या रोपांना ९ टक्के कमी बिया आल्या. वेगवेगळ्या वंशांचे ग्राही संकरात एकत्र आले, तर रोगाविनाच पेशी मरू लागतात आणि रोप खुरटते.

तापमानाचाही अंकुश असतो. तंबाखूतील ‘एन’ जनुकामुळे मोझेक विषाणूविरुद्ध येणारा प्रतिकार सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या वर निकामी होतो आणि विषाणू रोपभर पसरतो. मुंबईत दिवसाचे सरासरी कमाल तापमान बाराही महिने २८ च्या वर असते, त्यामुळे हा प्रतिकार पाहण्याचा प्रयोग येथे उघड्यावर न करता थंड खोलीतच करावा लागेल. सगळेच ग्राही इतके उष्णताभीरू नसतात. कोकणासाठी वाण निवडताना प्रतिकार उष्ण हवेतही टिकतो का, हे तपासले पाहिजे. एकाच जनुकावर विसंबलेला वाण बुरशीतील एका बदलाने उघडा पडू शकतो, म्हणून पैदासकार एकाच वाणात अनेक प्रतिकारक जनुके एकत्र आणतात.