०.३३१ मध्ये खेळाडू किती आणि नशीब किती?

संगणकावरच्या बेसबॉल व्यवस्थापनाच्या खेळात मला सामन्यांपेक्षा हिवाळा जास्त आवडतो. वर्ल्ड सिरीज ही शेवटची मालिका संपते, मैदानं रिकामी होतात आणि पडद्यावर उरतात फक्त नावं, वयं, आकडे आणि करार. कुणाला ठेवायचं, कुणाला जाऊ द्यायचं, कुणासाठी थैली सैल करायची, हे सगळं वसंतातल्या सरावाआधी ठरवायचं असतं. पहिले काही हिवाळे मी गेल्या हंगामाचा तक्ता समोर ठेवून हे काम करायचो. चांगला खेळला तो राहिला, वाईट खेळला तो गेला. पुढच्या वर्षी संघ घसरायचाच. तो का घसरतो याच्या मागे लागलो, आणि संख्याशास्त्रातल्या एका विलक्षण सुंदर कल्पनेपाशी पोचलो.

समजा, एक फलंदाज आहे. वय २९, गेल्या हंगामातली सरासरी ०.३३१. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे फलंदाजीच्या दर संधीमागे मिळालेल्या हिट्सचं, म्हणजे फलंदाजाला सुखरूप बेसवर पोचवणाऱ्या फटक्यांचं प्रमाण, ०.३३१ म्हणजे हजारात ३३१. अमेरिकेच्या मेजर लीगची एकूण सरासरी अलीकडे ०.२४५ च्या आसपास असते, तेव्हा हा आकडा डोळे दिपवणारा आहे. मेजर लीगमधली सहा वर्षांची सेवा पूर्ण करून हा गडी फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा झालाय आणि पाच वर्षांचा करार मागतोय. द्यायचा का?

आधी थोडं नाणेफेकीचं गणित. ज्याची खरी क्षमता ०.३०० आहे, अशा फलंदाजाला हंगामात ५०० संधी मिळाल्या, तर निव्वळ योगायोगाने येणारं प्रमाण विचलन साधारण ०.०२० निघतं. म्हणजे त्याच्यात तसूभरही बदल न होता दर तीन हंगामांपैकी दोनांत त्याची सरासरी ०.२८० ते ०.३२० च्या मध्ये कुठेतरी पडेल आणि तिसऱ्यात त्याच्याही बाहेर जाईल. फटका तोच असतो; एकदा चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमध्ये जातो, एकदा दोन हात बाजूने निघून जातो. असे खेळ मुळात याच कल्पनेवर उभे आहेत. १९६१ साली आलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या टेबलावरच्या बेसबॉल खेळात प्रत्येक खेळाडूचा एक छापील पत्ता असायचा आणि तीन फासे टाकायचे. एक फासा ठरवायचा की निकाल फलंदाजाच्या पत्त्यावर पाहायचा की पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, आणि उरलेल्या दोघांची बेरीज पत्त्यावरची ओळ दाखवायची. आज फाशांचं काम संगणक करतो, पण खेळाडूची क्षमता वेगळी आणि हंगामाचा निकाल वेगळा, हे तत्त्व तेच राहिलं आहे.

मग निकालावरून क्षमता ओळखायची कशी?

१९७७ साली ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये १९७० च्या हंगामातल्या १८ फलंदाजांचा हिशोब मांडला. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधी घ्यायच्या आणि त्यावरून उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधायचा. रॉबेर्तो क्लेमेंटेने ४५ पैकी १८ हिट्स घेतल्या होत्या, सरासरी ०.४००. थर्मन मन्सनच्या हिट्स फक्त ८, सरासरी ०.१७८. अठरा जणांची मिळून सरासरी ०.२६५. एफ्रॉन आणि मॉरिस यांनी चार्ल्स स्टाइन यांचं सूत्र वापरलं. तीन किंवा अधिक सरासऱ्यांचा अंदाज एकदम करायचा असेल, तर प्रत्येकाची स्वतःची सरासरी हा सर्वोत्तम अंदाज नसतो, असं स्टाइन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलं होतं; प्रत्यक्ष सूत्र १९६१ मध्ये विलार्ड जेम्स यांच्यासह आलं. हे सूत्र प्रत्येक आकड्याला गटाच्या सरासरीकडे ओढतं. इथे ओढ इतकी जबर होती की सरासरीपासूनचं अंतर जवळजवळ पाचव्या हिश्शावर आलं. क्लेमेंटेचा अंदाज ०.२९४ वर उतरला, मन्सनचा ०.२४७ वर चढला.

उरलेल्या हंगामात मन्सन ०.३१६ ने खेळला आणि त्या वर्षी अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम नवोदित ठरला. क्लेमेंटे ०.३४६ ने खेळला. अठरा जणांच्या चुकांचे वर्ग करून बेरीज केली, तर ओढलेल्या अंदाजांची चूक मूळ सरासऱ्यांच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरली.

मला मात्र या गोष्टीत क्लेमेंटेच जास्त शिकवून गेला. त्याच्या बाबतीत ०.४०० वर जाऊन चुकलं काय आणि ०.२९४ वर येऊन चुकलं काय, अंतर जवळपास सारखंच. कारण सूत्राला फक्त ४५ संधी दिसत होत्या. नॅशनल लीगमध्ये वर्षातली सर्वोच्च सरासरी त्याआधी चार वेळा याच माणसाच्या नावावर होती, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आकडा सरासरीकडे ओढायचा हे खरं, पण खेळाडूचा जितका इतिहास हाताशी असेल तितका हात सैल ठेवायचा.

बेसबॉलचे विश्लेषक टॉम टँगो यांची ‘मार्सेल’ ही पद्धत नेमकं हे करते. तिला एका टीव्ही मालिकेतल्या माकडाचं नाव दिलंय, कारण यापेक्षा कमी अक्कल वापरून कुणी अंदाज बांधू नये अशी टँगो यांची भूमिका. शेवटच्या तीन हंगामांना ५, ४ आणि ३ असं वजन द्यायचं, त्यात लीगच्या सरासरीच्या १,२०० संधी मिसळायच्या आणि वयासाठी किंचित दुरुस्ती करायची. आपल्या फलंदाजाचे तीन हंगाम, अलीकडून मागे जाताना, असे धरू: ५५० संधींत १८२ हिट्स, ५४० मध्ये १४५, ५०० मध्ये १३७. वजनं लावून १,९०१ हिट्स आणि ६,४१० संधी होतात. त्यात लीगच्या १,२०० संधी आणि त्यांच्या २९४ हिट्स मिळवल्या की उत्तर येतं ०.२८८. मूळ पद्धत प्लेटवरची, म्हणजे फलंदाजाच्या जागेवरची, प्रत्येक खेप मोजते, मी इथे फक्त सरासरीपुरतं सोपं केलंय. पण कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत होणारा हा हिशोब मी आता प्रत्येक नावासाठी करतो. ०.२८८ चा फलंदाज चांगलाच असतो. पैसे मात्र तो ०.३३१ चे मागतोय.

पिचरच्या बाबतीत नशिबाचा वाटा आणखी मोठा असतो. बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरतात, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो, हे वोरोस मॅकक्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडलं तेव्हा जाणकारही चक्रावले होते. पिचर कुणीही असो, असे दहातले साधारण तीन चेंडू हिट होतात. म्हणून मी त्याने दिलेल्या धावा नंतर बघतो. आधी क्षेत्ररक्षकांवर न अवलंबणाऱ्या तीन गोष्टी: स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस) आणि होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका).

वयाच्या आकड्यांत एक सापळा आहे. लीगमधल्या ३६ वर्षांच्या सगळ्या फलंदाजांची सरासरी काढली तर ती बरी दिसते, आणि वाटतं, वयाने एवढं काय बिघडतं? पण ज्यांचं बिघडलं ते त्या यादीत नाहीतच, ते ३२ व्या, ३३ व्या वर्षी घरी गेले. यादीत फक्त टिकलेले आहेत. बहुतेक फलंदाजांचा भर २६ ते २९ या वयात असतो, आणि आपला गडी ज्या पाच वर्षांचे पैसे मागतोय ती त्या भराच्या पलीकडची आहेत.

लिलावाचा शापही आहेच. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्बेल या तेल अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या बोलींवर लिहिताना दाखवलं की एकाच तेलक्षेत्राचे अनेकांनी अंदाज बांधले, तर बोली तोच जिंकतो ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो. फ्री एजंटचा बाजार तंतोतंत असाच आहे. तीस संघांपैकी सगळ्यांत मोठा करार मीच देऊ करत असेन, तर उरलेले एकोणतीस या खेळाडूला माझ्याहून कमी समजतात, आणि त्या सगळ्यांचंच चुकत असेल असं मानायला माझ्याकडे तसंच भक्कम कारण हवं.

मग मोजायचं कशाच्या तुलनेत? शून्याच्या नाही. कुठलाही संघ जवळजवळ फुकटात मिळवू शकेल अशा बदली खेळाडूच्या तुलनेत. २०२५ मध्ये मेजर लीगचं किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होतं. त्या दरात मिळणाऱ्या बदली खेळाडूंनीच पूर्ण संघ भरला तर १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल असं विश्लेषक धरतात. तीस संघांचे मिळून हे सुमारे १,४३० विजय. हंगामात एकूण २,४३० सामने होतात, म्हणजे उरलेल्या १,००० विजयांसाठीच सगळ्या लीगची ओढाताण चालते. हे उमगल्यापासून माझं लक्ष संघाच्या वरच्या टोकावरून खालच्या टोकाकडे गेलं. २६ जणांच्या संघात दोन जागांवर बदलीहूनही वाईट खेळाडू वर्षभर खेळत असतील, तर ती गळती थांबवणं एका ताऱ्याच्या करारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. सामन्याची सुरुवात करणारे पाच पिचर पुरतील हेही धरून चालत नाही. दुखापती होतात, आणि सातवा-आठवा पिचर कोण, हे जुलैत नाही तर डिसेंबरातच ठरवावं लागतं.

एवढं करूनही हंगाम हंगामच असतो. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा धरला तर १६२ सामन्यांत विजयांचं प्रमाण विचलन ६.४ येतं, ८१ विजयांच्या लायकीचा संघ ७५ वर किंवा ८७ वर संपला तरी त्यात आश्चर्य काहीच नाही. प्रत्यक्षातल्या व्यवस्थापकाला हा एकच हंगाम मिळतो. मला मिळतात हवे तेवढे. १९४६ मध्ये आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडणाऱ्या स्टॅनिस्लाव उलाम यांना प्रश्न पडला की डाव सुटण्याची शक्यता किती. गणिताने ती काढणं अवघड, मग शंभर डाव मांडून किती सुटतात तेच का मोजू नये? मॉन्टे कार्लो पद्धत अशी सुचली, आणि पुढे अणुबॉम्बच्या विखंडनशील पदार्थातल्या न्यूट्रॉनांचा प्रवास तिने मोजला गेला.

मीही खेळ साठवून ठेवला आणि तोच हिवाळा पुन्हा पुन्हा पुढे चालवला: अर्ध्या वेळा फलंदाजाला करार देऊन, अर्ध्या वेळा त्याच पैशांत एक मधल्या फळीचा पिचर आणि एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) घेऊन. विजयांचे दोन ढीग एकमेकांवर बरेचसे चढलेले निघाले. दुसरा थोडासा उजवीकडे सरकलेला होता, इतकंच. सोडलेला फलंदाज काही हंगामांत पुन्हा ०.३३० च्या वर गेला, एकदा तर आमच्याच पिचरसमोर सलग तीन हिट्स घेऊन. मी त्याला जाऊ दिलं आहे. इतर संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू उचलायचा रूल फाइव्ह ड्राफ्ट पुढच्या आठवड्यात आहे आणि संघाच्या चाळीस जणांच्या मोठ्या यादीत एक जागा अजून मोकळी आहे.