‘चार्ज’चा अर्थ मेंदू केव्हा ठरवतो?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी घरांत ‘चार्ज’ हा इंग्रजी शब्द पूर्ण मुरलेला आहे. मोबाइल चार्जला लावला, नव्या तहसीलदारांनी चार्ज घेतला, गॅरेजवाल्याने जास्त चार्ज लावला, मोर्चावर लाठीचार्ज झाला, ही सारी वाक्ये आपल्याला न अडखळता कळतात. त्यामुळे संदर्भ असला की योग्य तो एकच अर्थ मनात येतो, असे बहुतेकांना वाटते. प्रयोगांनी दाखवलेले चित्र वेगळे आहे.

डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना एका सरकारी इमारतीचे वर्णन ऐकवले गेले. त्यात ‘बग’ हा शब्द होता, ज्याचा अर्थ किडा असाही होतो आणि चोरून ऐकण्याचे यंत्र असाही. आधी कोळी आणि झुरळे यांचा उल्लेख असल्यामुळे किडा हाच अर्थ उघड होता. तो शब्द कानावर पडताक्षणी पडद्यावर काही अक्षरे झळकत आणि तो खरा शब्द आहे की नाही, हे श्रोत्याला चटकन सांगावे लागे. असंबद्ध शब्दापेक्षा ‘मुंगी’ या अर्थाचा शब्द लवकर ओळखला गेला, यात नवल नाही. परंतु ‘हेर’ या अर्थाचा शब्दही तितक्याच तत्परतेने ओळखला गेला! तीच चाचणी अवघे तीन उच्चारखंड उशिरा घेतली, तेव्हा मात्र ‘हेर’चा हा लाभ नाहीसा झाला होता. म्हणजे संदर्भ नको असलेल्या अर्थाला दारातच अडवत नाही, तो आत आल्यावर त्याला बाहेर काढतो, आणि हे इतक्या वेगाने घडते की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पुढे १९८८ साली डफी, मॉरिस आणि रेनर यांनी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. संदर्भ कमी प्रचलित अर्थाकडे झुकत असेल, तर नजर त्या शब्दावर अधिक वेळ थबकते, असे त्यांना आढळले. म्हणजेच अर्थाचा सरावही या निवडीत भाग घेतो.

सीमाभागासाठी स्पायव्ही आणि मारियन यांचा १९९९ सालचा अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. रशियन आणि इंग्रजी जाणणाऱ्यांना रशियन भाषेत ‘मार्कू’, म्हणजे टपाल तिकीट, ठरावीक जागी ठेवायला सांगितले, की त्यांची नजर क्षणभर शेजारच्या मार्कर पेनाकडेही वळत असे. त्याच न्यायाने, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या माणसाने ‘काल’ हा शब्द ऐकताच, पाय या अर्थाचा कन्नड ‘कालु’ही त्याच्या मेंदूत क्षणभर जागा होत असला पाहिजे.