बेस गिटारचा ॲम्प बदलायचाय? वॉटच्या आधी हे बघा

कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. घरी खिडक्या हलवणारा 30 वॉटचा काँबो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात), ड्रमर सुरू झाला की ऐकूच येत नाही. मग 60 वॉटचा घ्यावा की 100 चा, जुन्याचे किती येतील, घरून किती मिळतील, असा हिशेब सुरू होतो. बजेट तुटपुंजं असेल तर हा हिशेब वॉटवर मांडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

ॲम्पची ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने. फरक जाणवतो, पण जेमतेम. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, आणि त्यासाठी ताकद दहापट हवी. म्हणजे 30 वॉटवरून 60 वर गेलात तर हाती 3 डेसिबल, 100 वर गेलात तर जेमतेम 5.

आता स्पीकरकडे बघा. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, हा आकडा म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. समजा, तुमच्या काँबोतल्या स्पीकरचा आकडा 93 आहे. 30 वॉटला तो सुमारे 108 डेसिबल देईल, 100 वॉट दिले तर 113. पण त्याच 30 वॉटच्या ॲम्पला 99 चा स्पीकर किंवा कॅबिनेट (स्पीकरचा वेगळा खोका) जोडलं तर जवळजवळ 114 डेसिबल मिळतात! ॲम्प तोच ठेवून आवाज 100 वॉटवाल्याच्या पुढे गेला. दुकानात मात्र वॉटचा आकडा ठळक छापलेला असतो आणि सेन्सिटिव्हिटीचा विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तो जरूर विचारा.

खर्जातला आवाज काढणं मुळात अवघडच. बेसची सर्वांत जाड, ई ची तार सेकंदाला 41 वेळा, म्हणजे 41 हर्ट्झने, कंप पावते. आपला कान या टापूत फार मंद आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये समान मोठेपणाच्या आवाजांचे आलेख काढले, पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. त्यांनुसार 1000 हर्ट्झचा 40 डेसिबलचा सूर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला 40 हर्ट्झच्या सुराला 80 डेसिबलहून जास्त लागतात. त्यात स्पीकरचीही अडचण. तितकाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर त्याला चौपट हवा ढकलावी लागते. 8 इंची शंकूला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) एवढी हवा ढकलायची तर पुढेमागे भरपूर हलायला हवं, आणि त्याला मर्यादा असते. 15 इंची शंकूचं क्षेत्रफळ त्याच्या साडेतीन पट, म्हणून तो आरामात वाजतो. खोका लहान, आवाज मोठा आणि खर्ज खोल, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. त्यातल्या दोनच निवडता येतात. ध्वनितज्ज्ञ हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पाठीवर नेता येणाऱ्या लहानग्या काँबोकडून 41 हर्ट्झची अपेक्षाच चुकीची आहे.

पण 41 हर्ट्झ खरंच हवेत का? तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की न लावलेला गंधार ऐकू येतो, कारण एका तारेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे उपस्वरही असतात. बेसच्या तारेतही तेच घडतं. ई तारेतला 82 हर्ट्झचा उपस्वर कित्येकदा 41 च्या मूळ सुरापेक्षा जोरकस असतो. मूळ सूर गायब असला तरी वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून 41 हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नाही, तरी गाण्यातली बेसची चाल आपल्याला कळते, ती यामुळेच. रॉकच्या मंचावर दशकानुदशकं दिसणारं अँपेग कंपनीचं आठ स्पीकरांचं, 10 इंचीवालं कॅबिनेट घ्या. 40 हर्ट्झला त्याचा आवाजही सुमारे 10 डेसिबलने उतरलेला असतो, आणि त्याचा बेस कमी पडतो असं कोणी म्हणत नाही.

यातून निघणारा उपाय फुकटचा आहे. ऐकू येत नाही म्हटलं की आपला हात आधी ॲम्पवरच्या बेसच्या, म्हणजे खर्ज वाढवणाऱ्या, नॉबकडे जातो. तिथे 10 डेसिबल वाढवले की त्या टापूत ॲम्पकडे दहापट ताकद मागितली जाते. 30 वॉटवाला ती देणार कुठून? त्याचा आवाज फाटतो, आणि ऐकू येणं आणखी कमी होतं. उलट करून बघा: बेसचा नॉब थोडा उतरवा आणि 250 ते 800 हर्ट्झचा मधला भाग चढवा. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज नाकातला वाटेल. ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्यावर मात्र तोच आरपार येतो.

दुसरा उपाय जागेचा. ॲम्प भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवलात तर भिंतीवरून परतलेली लाट 86 हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला मारते, आणि एफ वाजवला की बेस एकदम पोकळ होतो. भिंतीला टेकवा, फरक लगेच कळेल. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत साधारण 47 आणि 56 हर्ट्झला हवा स्वतःच घुमते, म्हणून एफ शार्प आणि ए हे सूर उगाच फुगतात. तो दोष खोलीचा आहे, नवा ॲम्प आणून तो जाणार नाही. काँबो खुर्चीवर, कानाच्या दिशेने कलता ठेवला तर मधले आणि वरचे सूर गुडघ्यांऐवजी कानापर्यंत पोचतात.

कार्यक्रमात बेस डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) थेट मिक्सरला जात असेल तर लोकांपर्यंत आवाज पोचवायचं काम हॉलच्या स्पीकरांचं. तुमचा ॲम्प फक्त तुम्हाला ऐकू येण्यापुरता, तो बदलायची गरजच नाही.

हे सगळं करूनही ड्रमपुढे कमी पडत असाल तर पैसे जरूर घाला, पण आधी स्पीकरमध्ये. काँबोच्या मागे जादा स्पीकरचं सॉकेट आहे का ते बघा, आणि शेजारी छापलेला किमान ओहमचा (विजेला होणाऱ्या रोधाचा) आकडा वाचा. आतला 8 ओहमचा आणि बाहेरचा 8 ओहमचा स्पीकर समांतर जोडला की 4 ओहम होतात. किमान 4 लिहिलं असेल तर बिनधास्त जोडा. 8 लिहिलं असेल तर ॲम्प जळू शकतो. अशी जोडणी जमली तर ट्रान्झिस्टरच्या (व्हॉल्व्हच्या नव्हे) ॲम्पमधून ताकद वाढते आणि शंकूचं क्षेत्रफळही दुप्पट होतं. दोन्ही मिळून जास्तीत जास्त 6 डेसिबलची वाढ मिळते, म्हणजे 30 वरून 100 वॉटवर जाण्यापेक्षा जास्तच.

सॉकेट नसेल तर सेकंडहँड बाजारात 12 किंवा 15 इंची स्पीकरचा जुना, जड काँबो शोधा. हलक्या ॲम्पच्या हौसेपायी लोक असे काँबो स्वस्तात काढतात. घेताना स्वतःची गिटार न्या. ई ची मोकळी तार जोरात छेडून सूर पूर्ण विरेपर्यंत ऐका, खरखर आली तर नको म्हणा. मग ॲम्प बंद करून शंकूवर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून तो हलकेच आत दाबा. शंकूमागची तारेची कॉइल घासल्याचा आवाज आला तर स्पीकर गेलेला आहे, आणि नव्या स्पीकरची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करूनच पुढची बोलणी करा.