क्यूबातील शिक्षकपरंपरा
क्यूबातील शिक्षकपरंपरा : स्पॅनिश राजवटीत क्यूबामध्ये गुरुशिष्यांच्या साखळीतून घडलेली वैचारिक परंपरा. वसाहतीत सत्तेविरुद्ध उघड संघटना करण्यास वा मोकळेपणाने छापण्यास फारसा वाव नव्हता. त्यामुळे चौकात बोलता न येणारे बरेच काही तर्कशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांच्या तासांना बोलले गेले. व्हारेला, लूस, मेंदिवे आणि मार्ती ही या परंपरेतील ठळक नावे होत.

तिचा उगम हवानातील सान कार्लोस या धर्मगुरूंच्या पाठशाळेत आहे. होसे आगुस्तीन काबायेरो (१७६२–१८३५) यांनी तेथील पोथीनिष्ठ तत्त्वज्ञानाला प्रथम धक्का दिला. त्यांचे विद्यार्थी फेलिक्स व्हारेला (१७८८–१८५३) १८११ मध्ये धर्मगुरू झाले आणि तेथेच तत्त्वज्ञान शिकवू लागले. लॅटिनऐवजी स्पॅनिशमधून शिकवणे आणि पाठांतराऐवजी प्रयोग करून दाखवणे, हे त्यांचे दोन बदल. सुधारणावादी बिशप एस्पादा पाठीशी असल्यामुळे ते टिकले. १८२१ मध्ये एस्पादांच्याच पुढाकाराने व्हारेला स्पेनची राज्यघटना शिकवू लागले. पुढे स्पेनच्या संसदेवर निवडून गेल्यावर त्यांनी गुलामगिरी रद्द करण्याचा मसुदा तयार केला. १८२३ मध्ये राजा सातवा फर्डिनंड याची निरंकुश सत्ता परतली, व्हारेलांना देहान्ताची शिक्षा झाली आणि ते जिब्राल्टरमार्गे अमेरिकेत निसटले. तेथे त्यांनी ‘एल आबानेरो’ हे नियतकालिक काढून क्यूबाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि न्यूयॉर्कमधील गरीब आयरिश स्थलांतरितांमध्ये धर्मगुरू म्हणून अनेक वर्षे काम केले. क्यूबाला ते जिवंतपणी परतले नाहीत. त्यांच्या अस्थी आज हवाना विद्यापीठात आहेत.

व्हारेलांचे अध्यासन आधी होसे आंतोनियो साको यांच्याकडे आणि १८२४ मध्ये होसे दे ला लूस इ काबायेरो (१८००–१८६२) यांच्याकडे आले. आगुस्तीन काबायेरो हे लूस यांचे मामा. लूस यांनी उघड राजकारण टाळले आणि मोठा ग्रंथही लिहिला नाही. १८४८ मध्ये काढलेली ‘एल साल्वादोर’ ही शाळा हेच त्यांचे खरे कार्य. शिकवणे कोणालाही जमेल, घडवणे मात्र ज्याचे जगणेच शिकवण आहे त्यालाच, अशा अर्थाचे त्यांचे वचन क्यूबात आजही शिक्षकांच्या तोंडी असते.

कवी राफाएल मारिया दे मेंदिवे (१८२१–१८८६) यांनी हवानातील आपल्या शाळेत एका गरीब स्पॅनिश शिपायाच्या मुलाला आश्रय दिला. तो मुलगा होसे मार्ती (१८५३–१८९५). १८६९ मध्ये मेंदिवे पकडले गेले व स्पेनला हद्दपार झाले. त्याच वर्षी अटक झालेल्या सोळा वर्षांच्या मार्तींना पुढे सक्तमजुरीची शिक्षा होऊन दगडाच्या खाणीत राबावे लागले. क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचे हे नेते स्वतःही शिक्षक होते. ग्वातेमालात त्यांनी अध्यापन केले, १८८९ मध्ये मुलांसाठी ‘ला एदाद दे ओरो’ हे मासिक काढले (अंक चारच निघाले) आणि न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय क्यूबन कामगारांना रात्री शिकवले.

ही साखळी सांगताना फार सरळ रेषेत सांगितली जाते. वास्तविक तिचे वर्ग बहुतांशी गोऱ्या, सुस्थित घरांतील मुलग्यांचे होते. १८४१ च्या जनगणनेत बेटावर चार लाखांहून अधिक गुलाम होते आणि गुलामगिरी संपली ती १८८६ मध्ये. कष्टकऱ्यांची पाठशाळा वेगळीच होती. १८६५ पासून हवानातील सिगार कारखान्यांत कामगार तंबाखू वळत असताना एक जण मोठ्याने वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवू लागला. या वाचकाला ‘लेक्तोर’ म्हणत आणि त्याचे वेतन कामगारच वर्गणीतून देत. अधिकाऱ्यांनी लवकरच या वाचनावर बंदी घातली, यावरून त्याचा प्रभाव कळतो.

स्पॅनिश राजवट संपल्यावर आलेल्या अमेरिकेच्या ताब्याच्या काळात (१८९९–१९०२) तत्त्वचिंतक एनरिके होसे व्हारोना (१८४९–१९३३) यांनी माध्यमिक व विद्यापीठीय शिक्षणाची पुनर्रचना केली. त्यांचा भर विज्ञानावर होता, भाषा-साहित्याला त्यात कात्री लागली. १९५९ च्या क्यूबन क्रांतीनंतर १९६१ च्या साक्षरता मोहिमेत सुमारे एक लाख किशोरवयीन स्वयंसेवक कंदील आणि अंकलिपी घेऊन खेड्यांत राहिले. सरकारी आकड्यानुसार सात लाखांवर प्रौढ साक्षर झाले. मोहीम संपल्याचा २२ डिसेंबर हा तेथे शिक्षकदिन आहे.

या परंपरेचा वारसा कोणाचा, हा वाद मात्र चालू आहे. क्रांतिकारी सरकार व्हारेलांना राष्ट्राचे आद्य विचारवंत मानते, कॅथलिक चर्च त्यांच्या संतपदासाठी प्रयत्न करते आणि २००२ मध्ये राजकीय सुधारणांसाठी अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत देणाऱ्या विरोधकांनीही आपल्या मोहिमेला व्हारेलांचेच नाव दिले होते.