तिरकी बोदोनी मोठीच शोभते

फॅशन मासिकांच्या मथळ्यांत, अत्तरांच्या खोक्यांवर आणि हल्ली इंग्रजी लग्नपत्रिकांवर एक ठरावीक अक्षर दिसतं. दांडा भरदार, जोडरेघ केसाएवढी आणि अंगात उजवीकडे झोक. बोदोनी, दिदो किंवा त्यांच्या गोतावळ्यातल्या एखाद्या टाइपचं ते इटॅलिक, म्हणजे तिरकं रूप, असतं. त्याचा सगळा तोरा त्या बारीक रेघेत आहे, आणि दगा देते तीही तीच.

तिरका टाइप मूळचा व्हेनिसचा. तिथला मुद्रक-प्रकाशक आल्डुस मानुत्सिओने १५०१ मध्ये छापलेल्या, लॅटिन कवी व्हर्जिलच्या पुस्तकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने तो कापला. तेव्हा जाड-बारीक फरक बेताचाच होता. पुढे टोकदार, लवचीक टाकाचं वळण रुळलं. खाली ओढताना दाबलं की टोक फाकून रेघ जाड होते, वर जाताना तार. पण हे धातूत उतरवलं तरी खरबरीत कागदावर टिकणार कसं? बर्मिंगहॅमचा मुद्रक जॉन बास्करव्हिलने गुळगुळीत कागद, काळीभोर शाई आणि छापल्यावर तापल्या पत्र्यांमधून दाब असा सरंजाम जमवला. त्यानंतर पॅरिसचं दिदो हे मुद्रक घराणं आणि पार्माचा मुद्रक बोदोनी यांनी जाड-बारीक फरक पार टोकाला नेला.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, काळात प्रत्येक मापाचा पंच (अक्षराचा पोलादी ठसा) वेगळा कापत. लहान मापात कारागीर बारीक रेघ जरा जाड ठेवी. संगणकावर मात्र बहुधा एकच आराखडा लहान-मोठा होतो, आणि घोळ तिथे होतो. समजा, रेघ मापाच्या शंभराव्या भागाइतकी आहे. ७२ पॉइंटला (म्हणजे एक इंच मापाला) ती पाव मिलिमीटर भरते, ९ पॉइंटला उरते ०.०३ मिमी. चाळीस सेंटिमीटरवरून चांगली नजर साधारण ०.१२ मिमी अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखते. त्याहून बारीक काळी रेघ एकदम नाहीशी होत नाही, पण पांढऱ्यात मिसळून करडी पडते. इंचाला ९६ पिक्सेल असलेल्या पडद्यावर तर तिच्या वाट्याला पिक्सेलचा आठवा हिस्सा येतो. मग नुसते तिरके दांडे उरतात आणि ओळ वाऱ्याने कललेल्या कुंपणासारखी दिसते.

‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकासाठी टाइप-रचनाकार जोनाथन हफ्लरने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दिदो नव्याने काढला, तो ६ ते ९६ पॉइंटपर्यंत सात मापांसाठी सात वेगळ्या आराखड्यांत. जुन्या पंचकारांचंच शहाणपण, फक्त संगणकावर.

म्हणून पत्रिकेत वधूवरांची नावं खुशाल या टाइपात घ्यावीत. हॉलचा पत्ता आणि वेळ साध्या, सरळ टाइपात. मराठी मजकूर तेवढा या हौसेतून वगळावा. देवनागरीत इटॅलिकची स्वतंत्र परंपरा नाही, आणि बटण दाबून कललेली अक्षरं पडायच्या बेतात दिसतात. गडद रंगावर पांढरी अक्षरं हवी असतील तर आणखी सावध राहायचं. तिथे शाई रेघेच्या आत पसरते, आणि ती रंगछपाई चार रंगांची असेल तर एखादा रंग किंचित सरकला तरी बारीक रेघ बुजते.