डीन स्मिथ यांच्यानंतर कोण? नॉर्थ कॅरोलायनाच्या शोधाची पार्श्वभूमी

९ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा नव्या हंगामाचा सराव अगदी तोंडावर आला होता. ३६ हंगाम, ८७९ विजय, ११ वेळा फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ, आणि १९८२ व १९९३ ची राष्ट्रीय विजेतेपदं, एवढा त्यांचा पसारा. केंटकी विद्यापीठाच्या अडॉल्फ रप यांचा ८७६ विजयांचा विक्रम त्यांनी त्याच मार्चमध्ये मागे टाकला होता. थांबायचं तर तेव्हा थांबता आलं असतं. पण वसंतात, हंगाम संपल्यावर प्रशिक्षक गेला की विद्यापीठ देशभर शोध घेतं, आणि ऑक्टोबरात दुसऱ्या विद्यापीठाचा माणूस फोडणं जवळपास अशक्य असतं. मग हाताशी उरतो तो शेजारी बसणारा सहायक. स्मिथ यांनी हे ओळखूनच वेळ साधली, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मलाही तसंच वाटतं.

तो सहायक म्हणजे बिल गथ्रिज. स्मिथ यांच्या बाजूला ३० वर्षं बसलेला माणूस.

घरचाच माणूस हवा, हा आग्रह समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. आपल्याकडे गाण्याचं घराणं सांगताना गुरूचे गुरू मोजतात, तशी इथली परंपरा थेट खेळाच्या जनकापर्यंत जाते. बास्केटबॉल शोधणारे जेम्स नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक होते. फॉग ॲलन त्यांच्या हाताखाली खेळले आणि पुढे त्याच विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. रप आणि स्मिथ हे दोघेही ॲलन यांचे खेळाडू. ॲलन यांना १९५६ मध्ये सत्तरीच्या नियमामुळे पद सोडावं लागलं, तेही विल्ट चेंबरलेन हा असामान्य खेळाडू मुख्य संघातून खेळायला पात्र होण्याच्या तोंडावर. पुढच्याच वर्षी त्यांचे वारसदार डिक हार्प अंतिम सामन्यात ५४-५३ असे हरले, तीन जादा डावांनंतर. हरवणारा संघ नॉर्थ कॅरोलायनाचा होता. रप यांनाही १९७२ मध्ये याच सत्तरीच्या नियमाने घरी पाठवलं.

पण सगळ्यांच्या मनात खरी धास्ती होती ती लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जे घडलं त्याची. जॉन वुडन यांनी १२ वर्षांत १० विजेतेपदं मिळवून १९७५ मध्ये निवृत्ती घेतली. त्यांच्या जागी आलेल्या जीन बार्टो यांनी पहिल्याच वर्षी संघाला फायनल फोरमध्ये नेलं. दोन हंगामांत ५२ सामने जिंकले, ९ हरले. इतर कुठल्याही गावात अशा माणसाची मिरवणूक निघाली असती. लॉस एंजलिसमध्ये मात्र त्या नऊ पराभवांचीच चर्चा होत राहिली, आणि १९७७ मध्ये बार्टो अलाबामातल्या बर्मिंगहॅमला शून्यातून नवा संघ उभारायला निघून गेले. त्यांच्यानंतर कनिंगहॅम, ब्राऊन, फार्मर, हॅझर्ड असे चार प्रशिक्षक झाले. पुढचं विजेतेपद यायला १९९५ साल उजाडलं, जिम हॅरिक यांच्या हाताखाली.

गथ्रिज यांच्या वाट्याला हे आलं नाही. संघात अँटवान जेमिसन आणि व्हिन्स कार्टर होते, ही मोठी जमेची बाजू. तोलामोलाचे सहा खेळाडू आणि सुरुवातीच्या जागा पाच, हा पेच त्यांनी सहाही जणांना आळीपाळीने सुरुवातीला उतरवून सोडवला. पहिल्या हंगामात ३४ विजय, तीन वर्षांत दोनदा फायनल फोर. मग २००० च्या उन्हाळ्यात तेही थांबले.

आता शोध खऱ्या अर्थाने सुरू झाला. क्रीडा संचालक डिक बॅडूर यांच्यासमोर पहिलं नाव रॉय विल्यम्स यांचं होतं. मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे, दहा वर्षं स्मिथ यांचे सहायक, आणि तेव्हा कॅन्ससचे यशस्वी प्रशिक्षक. सगळे धरूनच चालले होते. पण जुलैमध्ये विल्यम्स यांनी नकार दिला. ती पत्रकार परिषद कॅन्ससच्या फुटबॉल मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर दाखवली गेली आणि हजारो लोकांनी जल्लोष केला. स्मिथ यांच्या परिवारातली आणखी काही नावं चाचपून झाल्यावर माळ पडली मॅट डोहर्टी यांच्या गळ्यात. वय ३८, मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नोत्र दाम विद्यापीठातल्या एका हंगामाचा. १९८२ च्या विजेत्या संघात मायकेल जॉर्डन आणि जेम्स वर्दी यांच्यासोबत पहिल्या पाचांत खेळलेले.

म्हणजे डोहर्टीही घरचेच. मग बिनसलं कुठे? त्यांनी नोत्र दामहून आपले सहायक सोबत आणले आणि चॅपेल हिलमधल्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावातल्या, जुन्या सहायकांना जावं लागलं. त्यात फिल फोर्ड होते, विद्यापीठाच्या इतिहासातल्या सर्वांत लाडक्या खेळाडूंपैकी एक. नव्या प्रशिक्षकाला आपली माणसं हवीत, यात वावगं काहीच नाही. आणि वर बसणाऱ्या डोहर्टी यांची अडचणही समजून घ्यायला हवी. स्मिथ निवृत्तीनंतरही त्याच इमारतीच्या तळघरातल्या आपल्या कार्यालयात येत असत, आणि इमारतीला नाव होतं डीन स्मिथ सेंटर.

तरी माझं मत असं की तिथे वारसा एकट्या स्मिथ यांच्यात कधीच नव्हता. बास्केट झाली की ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं, दमलो तर मूठ वर करून स्वतःच बाहेर यायचं, ही शिस्त स्मिथ यांची होती, पण ती वर्षानुवर्षं टिकवली सहायकांनी आणि संघातल्या ज्येष्ठ खेळाडूंनी. जुना खेळाडू नोकरी गेली म्हणून किंवा लग्न ठरलं म्हणून फोन करायचा, तेव्हा पलीकडे ओळखीचा आवाज असायचा. स्मिथ २०१५ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रानुसार संघाकडून खेळलेल्या सुमारे १८० जणांना प्रत्येकी २०० डॉलरचा धनादेश घरपोच गेला, माझ्यातर्फे बाहेर जेवा अशा निरोपासह. ज्या संघात नाती अशी असतात, तिथे सहायक बदलणं म्हणजे घरातली माणसं बदलणं होतं. शोध घेताना विद्यापीठाने नाव बघितलं, त्या नावासोबत काय जाणार हे बघितलं नाही.

डोहर्टी यांचं पहिलं वर्ष उत्तम गेलं, २६ विजय आणि ७ पराभव. दुसऱ्या वर्षी ८ विजय आणि २० पराभव, विद्यापीठाच्या इतिहासातली सर्वांत वाईट कामगिरी. एनसीएए या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग २७ वर्षं खेळण्याची मालिका तुटली. खेळाडूंची नाराजी बाहेर आली आणि एप्रिल २००३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. रेमंड फेल्टन, शॉन मे आणि रशाद मकँट्स या तिघांना विद्यापीठात आणलं ते डोहर्टी यांनीच. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, इलिनॉयला ७५-७० ने हरवून विजेता झालेल्या संघाचा कणा हेच तिघे होते. करंडक उचलताना प्रशिक्षक होते रॉय विल्यम्स, ज्यांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर होकार दिला होता. कॅन्ससमध्ये १५ वर्षं काढून, सिरॅक्यूजविरुद्धचा अंतिम सामना हरल्यानंतर आठवड्याभरात ते चॅपेल हिलला आले. २००९ आणि २०१७ ची विजेतेपदंही त्यांचीच.

विल्यम्स १ एप्रिल २०२१ ला निवृत्त झाले आणि यावेळी शोध चार दिवसांत संपला. स्मिथ यांच्याकडे खेळलेले, एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये १२ हंगाम काढलेले आणि २०१२ पासून विल्यम्स यांचे सहायक असलेले ह्यूबर्ट डेव्हिस नेमले गेले, या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. मुख्य प्रशिक्षकपदाचा त्यांचा अनुभव विद्यापीठाच्या दुय्यम संघापुरताच होता. शेजारच्या ड्यूक विद्यापीठाने उलटी पद्धत वापरली. माइक शशेफ्स्की यांनी वर्षभर आधी निवृत्ती जाहीर केली आणि त्यांचे माजी कर्णधार जॉन शायर यांचं नाव तेव्हाच ठरलं. २०२२ च्या फायनल फोरमध्ये डेव्हिस यांच्या संघाने ड्यूकला ८१-७७ ने हरवलं आणि तोच शशेफ्स्की यांचा शेवटचा सामना ठरला.

त्यानंतर मात्र जमीनच सरकली. २०२१ पासून खेळाडू वर्ष न गमावता विद्यापीठ बदलू शकतात, आपल्या नावावर पैसे कमावू शकतात. प्रशिक्षक गेला की संघही पांगू शकतो. त्यामुळे वारसदार नेमताना आता पैसा उभा करण्याची आणि दर वसंतात संघ नव्याने बांधण्याची ताकद पाहिली जाते. व्हर्जिनियाच्या टोनी बेनेट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे स्मिथ यांच्यासारखीच हंगामाच्या तोंडावर निवृत्ती घेतली. सहायक रॉन सांचेझ यांना पद मिळालं, पण तात्पुरतं. मार्चमध्ये विद्यापीठाने बाहेरून रायन ओडम यांना आणलं. त्यांचे वडील कधीकाळी व्हर्जिनियातच सहायक प्रशिक्षक होते. आणि २०१८ मध्ये सोळाव्या, म्हणजे तळाच्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाच्या संघाने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ ने हरवून स्पर्धेबाहेर काढलं, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक हेच ओडम होते.